प्लास्टर निघालं, हाड अजून कामावर

राजुऱ्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाय घसरला की माणूस विचार करत बसत नाही, हात पुढे टाकतो. बांधावर, अंगणात, न्हाणीच्या ओल्या फरशीवर, कुठंही. तळहात टेकतो, अंगाचा सगळा भार तिथं येतो आणि अंगठ्याच्या बाजूचं हाताचं हाड मनगटाच्या अलीकडे दोन-अडीच सेंटिमीटरवर कट्‌कन मोडतं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: एक्स-रे, प्लास्टर, गळ्यात झोळी, आणि भेटेल त्याच्या "कसं काय पडले जी?" ला तेच ते उत्तर. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं की घरचे म्हणतात, झालं, सुटलो. हाडाचं मात्र तेव्हा कुठं अर्धं काम उरकलेलं असतं. आतल्या त्या उद्योगाच्या या काही गमती.

एक्स-रेच्या ८१ वर्षं आधी

या मोडीला डॉक्टर मंडळी 'कॉलिस फ्रॅक्चर' म्हणतात. अब्राहम कॉलिस हा डब्लिनचा सर्जन. त्यानं १८१४ साली या मोडीवर लेख लिहिला. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, म्हणजे गड्याने हाड न बघता, नुसतं चाचपून, नेमकं कुठं मोडतं ते सांगितलं होतं. वरून असंही म्हटलं की हात वाकडा राहिला तरी कालांतराने दुखणं जाईल आणि हात चांगला चालेल. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे आजही बरंच खरं ठरतं. एक्स-रेत वाकडं दिसणारं मनगट घेऊन कितीतरी आज्या भाकरी थापतात.

रॉन्टजेनने क्ष-किरण शोधल्यावर त्याचं जे छायाचित्र जगभर गाजलं तेही हाताचंच, त्याच्या बायकोच्या, अंगठीसकट.

मनगटाच्या मोडीचा एक प्रकार मोटारींनी आणला. सेल्फ स्टार्टर नव्हता तेव्हा गाडीच्या तोंडाशी हँडल घालून इंजिन फिरवावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर बसायचं. या मोडीला ड्रायव्हरांचंच नाव पडलं. शेतातल्या डिझेल इंजिनाला हँडल मारणाऱ्यांना हा झटका समजावून सांगायची गरज नाही.

पहिले पंधरा दिवस: रक्त, आग आणि रुंदावणारी रेघ

हाड मोडतं तेव्हा त्यातल्या रक्तवाहिन्याही तुटतात. मोडीच्या जागी रक्त साकळतं. मनगट सुजतं, गरम होतं, निळंजांभळं पडतं. ही सूज शत्रू वाटते, पण दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते. त्या गुठळीत सफाई करणाऱ्या पेशी येतात, नव्या रक्तवाहिन्या घुसतात. दोन-तीन आठवड्यांत तिथं कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट बसायला लागतं.

एक्स-रेवर हा प्रकार पाहण्यासारखा असतो. पहिल्या दिवशी मोडीची रेघ केसासारखी बारीक. दहा-पंधरा दिवसांनी दुसरा एक्स-रे काढला तर तीच रेघ कधी कधी जास्त रुंद दिसते! नातेवाइकांच्या काळजात धस्स होतं. बिघडलेलं काही नसतं. मोडीच्या कडेचं मेलेलं हाड शरीराने खरवडून काढलेलं असतं, म्हणून फट मोठी दिसते. मग तिच्या कडा धूसर होतात, भोवती पांढुरकं ढगाळ काहीतरी दिसू लागतं आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास रेघ शोधावी लागते.

याच कारणाने मनगटातलं एक छोटं हाड डॉक्टरांनाही चकवतं. अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो, तपकीर ओढणारे जिथं चिमूटभर तपकीर ठेवत, त्याच्या तळाशी हे स्कॅफॉइड नावाचं हाड असतं. पहिल्या एक्स-रेत त्याची मोड अनेकदा दिसतच नाही, पंधरा दिवसांनी दिसते. शिवाय त्याला रक्त मिळतं ते बहुतांशी बोटांकडच्या टोकातून. मोड मध्ये पडली तर मागचा तुकडा उपाशी राहतो आणि महिनोन्‌महिने जुळत नाही. पडल्यावर त्या खड्ड्यात दाबून दुखत असेल आणि एक्स-रे 'नॉर्मल' आला असेल, तर 'मुरगळलं असेल' म्हणून तेल चोळत बसू नये.

जंगलातलं फ्रॅक्चर किट

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. हाड ताणून, दाबून जागेवर बसवायचं आणि वर झाडाच्या सालींच्या पट्ट्या बांधायच्या. कोणत्या साली? मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड, आणि बांबू. ही यादी राजुरा-जिवतीच्या रानात बसून केली म्हटलं तरी खपेल, सगळा माल चार पावलांवर.

पट्टी कधी बदलायची हेही हंगामावर: थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला हा हिशेब लगेच पटेल. पट्टी सैल राहिली तर जोड पक्का होत नाही आणि जास्त आवळली तर सूज, वेदना आणि पू, हेही तिथं स्पष्ट आहे. गावाकडे काही हाड बसवणारे बांबूच्या कामट्या इतक्या करकचून बांधतात की बोटं काळी पडतात, तरी कोणी सोडत नाही. त्यांना संहितेतलं हे वाचून दाखवायला हरकत नाही.

हाड जुळायला लागणारा काळ संहितेने लहानपणी एक महिना, मध्यम वयात दोन, म्हातारपणी तीन असा सांगितला आहे. आजचा डॉक्टरही मुलांच्या मनगटाला तीन-चार आठवडे आणि मोठ्यांना सहाच्या आसपास प्लास्टर ठेवतो, आणि ताकद यायला पुढे महिने लागतील असं बजावतो. फार फरक नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो हाताचा व्यायाम. तळहात मोडलेल्याने आधी मातीचा गोळा धरायचा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आलं की दगड. फिजिओथेरपीवाले आज रबरी चेंडू देतात आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवतात. मातीचा गोळा फुकट पडतो.

हातावर जिप्सम, कारखान्यातही जिप्सम

प्लास्टर म्हणजे तापवून पाणी उडवलेलं जिप्सम. ओल्या पट्टीत त्याला पाणी परत मिळतं, ते पुन्हा दगड होतं आणि होताना उष्णता सोडतं. म्हणून प्लास्टर घालताना हात गरम लागतो. लेकरं घाबरतात, कंपाउंडर हसतो. मॅथायसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टराने १८५१ च्या सुमारास ही पट्टी काढली. त्याच्या डोक्यात रणांगणावरचे जखमी शिपाई होते.

आता गंमत बघा. राजुऱ्याच्या पलीकडे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही हा सगळा चुनखडीचा आणि सिमेंटचा पट्टा. सिमेंट दळताना त्यात चार-पाच टक्के जिप्सम घालतात, ते लगेच घट्ट होऊ नये म्हणून. तेच खनिज कारखान्यात सिमेंटला थोपवतं आणि दवाखान्यात आपल्याला. चुनखडीत कॅल्शियम, हाडातही कॅल्शियम. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडादातांत.

यावरून कोणी खर्र्याचं समर्थन करू नये. "त्यात चुना असते ना, हाडाले बरंच हाये" हा युक्तिवाद खर्रा खाणारेच करतात. चुन्यासोबत तंबाखूही जाते, आणि निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात हे अनेक पाहण्यांतून दिसलं आहे. प्लास्टरच्या काळात तरी पुडी लांब ठेवावी.

रिकामं बसलं की हाड झिजतं

प्लास्टर कापलं की आतून निघणारा हात आपला वाटत नाही. कातडी खपल्या धरलेली, मनगट काडी झालेलं, मूठ अर्धीच वळते, पाण्याचा तांब्या उचलला तर थरथरतो. हे वरून दिसतं. आत हाडही विरळ झालेलं असतं, आणि फक्त मोडलेल्या जागी नव्हे. जी बोटं मोडलीच नव्हती, त्यांचीही हाडं एक्स-रेत फिकट दिसतात.

जुलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ साली मांडलेला नियम असा की हाड भाराप्रमाणे घडतं. भार वाढला की तिथं भर पडते, कमी झाला की शरीर माल काढून घेतं. टेनिसपटूंवर १९७७ साली झालेल्या एका अभ्यासात पुरुष खेळाडूंच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड निघाली. उलट टोक अंतराळात: तिथं वजनच नाही, तर खुब्याच्या हाडातून महिन्याला एक-दीड टक्का माल जातो. सहा आठवड्यांचं प्लास्टर हा त्या हातापुरता छोटा अंतराळप्रवासच.

हाडाला भार कळतो कसा? आत पसरलेल्या पेशी ताण ओळखतात. आणि १९५७ साली फुकादा व यासुदा या जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की हाड दाबलं की त्यात बारीकशी वीज तयार होते. आपण दळण डोक्यावर घेतो तेव्हा सांगाड्यात करंट वाहतो म्हणायला हरकत नाही.

म्हणून डॉक्टर पहिल्या दिवसापासून बोटं हलवत राहायला सांगतात. प्लास्टर मनगटाला आहे, बोटांना नाही, आणि खांद्याला तर मुळीच नाही. झोळीत हात टाकून दीड महिना पुतळ्यासारखं बसलेल्यांचं हाड जुळतं, पण बोटं आणि खांदा आखडतात. मग हाडापेक्षा जास्त दिवस त्या आखडण्यात जातात.

एक विचित्र गोष्ट इथंच सांगून टाकतो. हाड जराही न सरकता मोडलं असेल, सगळं मस्त जुळत असेल, तरी काही आठवड्यांनी अंगठा अचानक लुळा पडू शकतो. अंगठा वर उचलणारी दोरी त्या मोडीवरूनच जाते, घासते आणि तुटते. असं क्वचित होतं, पण झालं तर सर्जनकडे जावं लागतं.

दोनदा बांधलेलं हाड

पहिल्या फेरीत बनणारं हाड घाईचं असतं, पाऊस यायच्या आत कशीबशी रचलेली कडब्याची गंज असावी तसं. धागे कुठंही, कसेही. काम चालतं, पण दर्जा नाही. मग सुरू होते दुसरी फेरी. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हे कच्चं हाड खात जातात, त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट नवं हाड भरत येतात, थरावर थर, भाराच्या दिशेने नीट लावून. एका ठिकाणचं असं खाणं-भरणं पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. मोडीच्या जागी ते वर्षभर, कधी जास्तही चालतं. हाताला लागणारा तो टेंगळाचा उंचवटा हळूहळू याच कामात झिजतो.

कातडी फाटली की व्रण राहतो. हाडाचं काम चांगलं झालं तर व्रणसुद्धा राहत नाही. 'मोडलेलं हाड जुळल्यावर पहिल्यापेक्षा मजबूत होतं' हे मात्र खरं धरू नये. काही काळ जोडाजवळ जास्त माल साठलेला असतो एवढंच, पुढे तोही काढला जातो.

लहान मुलांची तर वेगळीच मजा. त्यांचं हाड एका बाजूने तडकतं आणि दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं. मनगटाजवळच्या वाढीच्या पट्टीतून त्या हाडाची तीन-चतुर्थांशाहून जास्त लांबी येते, त्यामुळे तिथं थोडं वाकडं जुळलं तरी वाढता वाढता सरळ होतं. आणि तान्ह्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे पाहिलात तर तिथं आठ हाडांच्या जागी चक्क पोकळी! ती सगळी अजून कूर्चा असतात. पहिलं हाड बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर दिसू लागतं, शेवटचं दहा-बारा वर्षांपर्यंत. याचा उपयोग कुठं होतो? क्रिकेट बोर्ड १६ वर्षांखालच्या खेळाडूंचं वय डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून तपासतं. जन्मदाखल्यात खाडाखोड करता येते, मनगटात येत नाही.

ताडोबातला चॅम्पियन

हाड वाढवण्याच्या शर्यतीत आपण बरेच मागे. पहिला नंबर हरणांच्या शिंगांचा. चितळ-सांबराचं शिंग म्हणजे अस्सल हाड. ते गळून पडतं आणि पुन्हा नवं येतं, वर मखमली कातडी, आत भरपूर रक्त. मोठ्या हरणांच्या काही जातींत ते दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढतं. हाडं जुळवण्याचं कोडं सोडवणारे शास्त्रज्ञ या शिंगांच्या मागे उगाच लागलेले नाहीत.

एवढं कॅल्शियम चाऱ्यातून पुरत नाही. मग नर स्वतःच्या बरगड्यांतून काढतो! काही जातींत शिंगं वाढण्याच्या दिवसांत बरगड्या मापात कळण्याइतक्या विरळ होतात आणि नंतर भरून येतात. दर फेरीला हाडांची झीज आणि दर फेरीला इलाज, तोही विनाऔषध. गळलेली शिंगं साळिंदरं कुरतडून कॅल्शियम वसूल करतात. तुम्ही मात्र उचलू नका, वन्यजीव कायदा आडवा येईल.

पन्नास वर्षांनी सुटलेला जोड

१७४० साली कमोडोर अॅन्सनचं इंग्रजी आरमार जगप्रवासाला निघालं. ताजी फळंभाजी नाही, खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या तुटवड्याचा रोग, झाला. त्या प्रवासाच्या वृत्तांतात जहाजावरच्या एका म्हाताऱ्या शिपायाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. त्याच्या तेव्हाच्या जखमा पुन्हा उघडल्या आणि जुळलेलं हाड पुन्हा सुटलं, जणू कधी जुळलंच नव्हतं.

हाडातला सिमेंटी भाग कॅल्शियमचा, पण त्याला धरून ठेवणारी जाळी कोलॅजेन या प्रथिनाची, आणि ती विणायला क जीवनसत्त्व लागतं. जाळी सतत उसवत आणि विणत असते. विणणं थांबलं तर अर्ध्या शतकापूर्वीचा जोडही टिकत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं रिचवणाऱ्यांनी रानातल्या आवळ्याकडेही बघावं. डाळ-अंडी-मासे हवेतच, तीळ आणि शेवग्याची पानं आपल्याकडे स्वस्त आहेत, आणि तळ्यातले बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमची गोळी मागे पडावी. हाडसांधीच्या वेलाबद्दल विचाराल तर प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर त्याचे परिणाम आशादायक दिसले आहेत. पण वेल लावला म्हणून एक्स-रे टाळू नये.

जाड म्हणजे मजबूत?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला विचारायलाच हवा. वरोऱ्यापासून राजुरा-कोरपन्यापर्यंत काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्यालायक धरत नाहीत. पोरांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी पट्टे सगळ्यांना दिसतात. हाडातलं दिसत नाही. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं तर हाडं जड होतात, एक्स-रेत पांढरीशुभ्र उठून दिसतात, आणि तरी ठिसूळ राहतात. सांधे आखडतात, पाठ वाकते.

डॉक्टरांनीही एकदा या जाडीवर भरवसा ठेवला होता. हाडं विरळ झालेल्या २०२ बायकांवर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने चार वर्षं प्रयोग केला, १९९० साली निकाल छापला. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्के वाढली. वा! पण मणके मोडायचे त्यात लक्षणीय घट झाली नाही, बाकीची हाडं उलट जास्त मोडली, आणि हाताच्या त्याच हाडाची घनता, मनगटाशी मोडतं त्या हाडाच्या मधल्या दांड्याची, चार टक्के घटली. कॅल्शियम मणक्यात साठलं, हात रिकामा झाला. गावात फ्लोराइडमुक्त पाण्याचा नळ आला असेल आणि तो दूर आहे म्हणून कोणी बोअरचंच पीत असेल, तर हा निकाल त्यांना वाचून दाखवावा.

हाडाची नोटीस

पन्नाशीच्या बाईचं मनगट मोडतं आणि पंच्याहत्तरीच्या बाईचा खुबा मोडतो, याला कारण आहे. पन्नाशीत तोल गेला तर हात वेळेवर पुढे येतो. पंच्याहत्तरीत तो यायच्या आधीच माणूस कुल्ल्यावर आदळतो. पाळी गेल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते, आणि मनगटाच्या टोकाचं हाड आतून जाळीदार असल्याने तिथं ती आधी उघडी पडते. म्हणजे मनगट पंचवीस वर्षं आधी सांगून ठेवतं. या वयात मनगट मोडलेल्या बाईला पुढे खुबा मोडण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो.

उभ्याउभ्या पडून मोडलेलं मनगट आणि मोटरसायकलवरून फेकलं जाऊन मोडलेलं मनगट, या दोन गोष्टी वेगळ्या. दुसऱ्यात कोणाचंही मोडेल. पहिल्यात हाडाची चौकशी व्हायला हवी, आणि ती होत नाही. प्लास्टर निघतं, आई धान निसायला बसते, विषय बंद होतो. औषधं आहेत, डेक्सा नावाची हाडाची घनता मोजणारी तपासणी आहे, ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आहे. (आपल्या उन्हात ड कमी पडतं यावर विश्वास बसत नाही, पण ते कातडीत तयार होतं दुपारच्या उन्हात, आणि मे महिन्यात दुपारी बाहेर कोण बसतं?)

तेव्हा घरात आई, काकू, मावशी, मोठी बहीण कोणी पन्नाशीपुढची असेल आणि तिचं मनगट साध्या पडण्यात मोडलं असेल, मग ते दोन वर्षांपूर्वी का असेना, तर जुना एक्स-रे फेकू नका. तो आणि ती, दोघांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्वतःहून विचारा: हाडाची घनता तपासायची का?